गाडी नसलेलं बसस्थानक

मुलांनो, पेन्सिली जरा खाली ठेवा आणि डोळे मिटा. मनात एक खिडकी आणा. घराची नको. लोखंडी गजांची, खाली हात जाईल एवढं भोक असलेली, आणि इतकी बुटकी की मोठ्या माणसाला तिच्यातून बोलायचं तर कमरेत वाकावंच लागावं. आता तुम्ही त्या खिडकीच्या आतल्या बाजूला लाकडी स्टुलावर बसला आहात. मांडीवर जेवणाचा डबा आहे, अजून कोमट. समोर खाकी सदऱ्यातली एक पाठ आहे, आणि पाठीच्या पलीकडे खिडकीत चेहरे येताहेत. एक वाकला, विचारून गेला. दुसरा वाकला. तिसरी बाई आहे, तिच्या काखेतलं पोरही तिच्याबरोबर वाकलं आणि गजाला चाटू लागलं.

दिसलं? मग डोळे उघडायची घाई करू नका. मी नववीत असताना रोज दुपारी तिथे बसायचे.

खिडकी होती जतच्या एस.टी. स्टँडवरची, चौकशीची. पाठ माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि सारं स्टँड कोरेसाहेब म्हणायचं, कारण ते तिथले कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते माइकवरून सांगायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीची वेळ टिपायची आणि दिवसभर त्या खिडकीला उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ जन्मला आणि आईला घराबाहेर पडणं जमेना, म्हणून डबा माझ्याकडे आला. दोन गाड्यांच्या मधे अण्णांना घास घ्यायला फुरसत मिळेपर्यंत मी स्टुलावर बसून राहायची.

अण्णा मोजकं बोलायचे. एकदा बोललेलं बदलायचे नाहीत. आमची शमीम मुल्ला म्हणायची, तुझ्या अण्णांचं बोलणं माइकवरचं आहे, एकदा सांगितलं की गाडी लागलीच. ती आमच्या शेजारी राहायची आणि वर्गात माझ्याच बाकावर बसायची, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं तिला ठाऊक होतं. माझं वेडही ठाऊक होतं. मला दहावीनंतर सांगलीला आत्याकडे राहून चित्रकला शिकायची होती. तिथे त्याचं कॉलेज आहे हे आत्याच्या मिस्टरांनी एकदा सहज सांगितलं होतं आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका रात्री जेवताना मी धीर करून विषय काढला. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं, ताक प्यायले, आणि म्हणाले, "यंदा तुझी चित्रकलेची इंटरमिजिएट आहे ना? तिच्यात बी ग्रेड आण. आणलीस तर सांगली. नाही आणलीस तर इथला शिवणक्लास, आणि मग या विषयावर बोलायचं नाही."

आई म्हणाली, पास झाली तरी पुरे धरा की. अण्णा म्हणाले, पास सगळेच होतात.

मला त्याचं भय वाटलं नाही, उलट आनंदच झाला. कारण आमच्याकडे मुळीकसरांचं झाड होतं.

हे झाड म्हणजे काय ते सांगते. मुळीकसर आमचे ड्रॉइंगचे शिक्षक. गोरे, ठेंगणे, खिशात कायम दोन खडू. मुलांवर त्यांचा भारी जीव होता. पोरांना ग्रेड मिळावी म्हणून ते परीक्षेच्या आधी दोन महिने शाळा सुटल्यावर थांबायचे आणि स्वतःच्या पैशानं शेंगदाणे आणून वाटायचे. स्मरणचित्राचा पेपर मुलांना अवघड जातो, कारण समोर काही ठेवलेलं नसतं, विषय वाचायचा आणि आठवून काढायचं. त्यावर सरांनी एक चित्र तयार केलं होतं. डाव्या हाताला पारंब्यांचा मोठा वड, वडाला पार, पारावर टोपली घेऊन पाठमोरी बाई, उजवीकडे छत्रीवाला माणूस आणि फुगा धरलेलं मूल. मधली जागा मोकळी. विषय बाजार आला तर मोकळ्या जागेत भाज्या मांडायच्या. जत्रा आली तर पाळणा. पाणवठा आला तर विहीर. बसस्थानक आलं तर लाल गाडी, आडवी, सहा खिडक्यांची. झाड, बाई, छत्री, फुगा यांना हात लावायचा नाही.

आम्ही ते चित्र इतक्या वेळा काढलं होतं की शमीम म्हणायची, मला झोपेत उठवलंत तर मी उशीवर वड काढीन. आणि खोटं कशाला बोलू, त्या झाडामुळे आमच्या शाळेची ग्रेड दरवर्षी तालुक्यात वर राहायची. माझं झाड तर सर बाकीच्यांना दाखवायचे. माझ्या पारंब्या पार जमिनीला टेकायच्या.

सरांचे माणसं काढायचेही नियम होते. माणूस पाठमोरा काढा, तोंड चुकायला नको. हात टोपलीमागे घाला, बोटांची भानगड नको. एकदा मी विचारलं, खिडकीतून बघायला वाकलेला माणूस कसा काढायचा. स्टुलावर बसून बसून मला तोच प्रश्न पडला होता. सरांनी खडू थांबवला.

"कशाला वाकवतेस त्याला?"

"वाकतात ना, सर."

"वाकू दे. आपण उभा काढायचा. वाकलेला माणूस फसतो, बाळ. पाठ लांबते, डोकं कुठं ठेवावं कळत नाही, आणि मग अख्खं चित्र हातचं जातं. तुला ग्रेड पाहिजे की माणसं?"

मला ग्रेडच पाहिजे होती. मी पुन्हा पारंब्या काढायला लागले.

परीक्षा आमच्याच शाळेत होती. बाकं भिंतीला लावलेली, आम्ही जमिनीवर ओळीनं बसलेलो, प्रत्येकाच्या शेजारी पाण्याची वाटी आणि रंगाची पेटी. पर्यवेक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी फळ्यावर तीन विषय लिहिले: भाजी मंडई, शाळेतील वृक्षारोपण, बसस्थानक. वर्गात एक सुस्कारा ऐकू आला. तिन्ही विषय झाडाला मानवणारे होते, वृक्षारोपण तर काय, झाड आयतंच. शमीमनं मंडई धरली. मी बसस्थानक धरलं. रोजची जागा, आणि लाल गाडी माझ्या हातात बसलेली.

झाडापासून सुरुवात करा, हात धिटावतो, असं सर सांगायचे. मी झाड काढलं. पार काढला, बाई बसवली. गाडी काढली. मग छत्रीवाला माणूस काढायला गेले आणि पेन्सिल अडली.

हा माणूस कुठल्या फलाटावर उभा आहे?

असलं काही मी कधी विचारलं नव्हतं. पण विषय बसस्थानक होता, आणि बसस्थानक म्हटलं की माझ्या डोक्यात जतचंच येणार. मी त्या छत्रीवाल्याला जिथे उभा करत होते तिथून उमदीची गाडी वळते, तिथे कुणी उभं राहत नाही. मी माणसाला गाडीखाली घालत होते. थोडा सरकवला, तर तो कडेच्या रसवाल्याच्या चरकात गेला. मग माझं वडाकडे लक्ष गेलं. जतच्या स्टँडात वड कुठून आला? तिथे सावलीला म्हणून एक पत्रा होता, तोही तापायचा. मी एकेक वस्तू हलवून बघितली आणि एकही जागेवर बसेना. शेवटी मला प्रश्न पडला की हे सगळं मी कुठून बघते आहे. समोरून? स्टँड मी समोरून असं कधी उभं राहून पाहिलंच नव्हतं. मी ते रोज एकाच ठिकाणाहून बघत होते.

मी खोडरबर हातात घेतला. शमीमनं तिरप्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले. मी पुसतच सुटले. झाड गेलं, पार गेला, गाडीच्या सहा खिडक्या गेल्या. कागदाचं पीठ माझ्या परकरावर सांडलं.

मग मी केबिनच्या आतून काढायला बसले. कडेला माइकचा दांडा, पुढे अण्णांची पाठ, पाठीपलीकडे गज आणि गजांपलीकडे वाकलेली माणसं. पहिला चेहरा ताटात ठेवलेल्या नारळासारखा झाला. सर खरंच सांगत होते, डोकं कुठं ठेवावं कळत नव्हतं. दुसरा जरा बरा झाला. तिसरी एक म्हातारी होती, उमदीकडची. तिला मराठी यायचं नाही, ती नुसतं "उमदी?" एवढंच म्हणायची, अण्णा तिला कानडीत वेळ सांगायचे, आणि ती सांगून झालं तरी तिथेच वाकून उभी राहायची, जणू गाडी त्या भोकातूनच येणार आहे. तिला आठवताना माझी पेन्सिल आपोआप चालली. तिची बोटं गजांवर होती. मी बोटंही काढली.

घंटा झाली तेव्हा रंग ओलेच होते. तेव्हा चित्रं व्हरांड्यात वाळत घालायचे, ओळीनं, प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांवर खडा ठेवून. मुळीकसर पेपर संपेपर्यंत बाहेर थांबलेले होते. पर्यवेक्षक गठ्ठा बांधायची तयारी करत होते तेवढ्यात सर ओळीच्या टोकाला आले आणि कडेकडेनं चालत निघाले. त्यांचं तोंड फुललं होतं. एक वड, दुसरा वड, तिसरा वड. शमीमच्या वडाला त्यांनी मान डोलावली. अशी सगळी ओळ वडांची, आणि मधेच त्यांचे पाय थांबले.

"हे कुणाचं?"

"माझं, सर."

"कुठला विषय?"

"बसस्थानक."

त्यांनी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग पुन्हा एकदा.

"गाडी कुठाय, माला?"

"बाहेर आहे, सर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"चित्राच्या बाहेर. आपण आत बसलोय ना. इथून गाडी दिसत नाही, माणसं दिसतात."

सर खाली उकिडवे बसले. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी एका कोपऱ्यावरचा खडा म्हातारीच्या पदरावर आला होता तो उचलून जरा कडेला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तपासणारा पण बाहेरच बसलेला असतो, बाळ. त्याच्यापुढं हजार कागद असतात. त्याला गाडी दिसायला पाहिजे."

घरी जाताना शमीम मला चिडवत राहिली, की बाई, स्टँड काढलंस आणि गाडीच सोडून दिलीस. मग माझा चेहरा पाहून आपल्या पेटीतली पिवळ्या रंगाची नवी वडी मला देऊ लागली. मी घेतली नाही.

बाकीचे तीन पेपर नेहमीसारखे गेले. मी घरी कुणाला काही बोलले नाही. अण्णांनीही विचारलं नाही. ते निकालाची वाट पाहणारे होते, अंदाज बांधणारे नव्हते.

निकाल लागला तेव्हा उन्हं कडक झाली होती. मी डबा घेऊन केबिनमध्ये स्टुलावर बसले होते. मगदूम ड्रायव्हर कोपऱ्यात उभे राहून कसल्याशा कागदावर सही करत होते. खिडकीत चेहरे येत-जात होते, आणि त्यांच्यातच एक गोरा चेहरा वाकला. मुळीकसर. मी त्यांना वाकलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी आधी अण्णांना नमस्कार केला, मग घाम पुसला. निकाल आलाय म्हणाले. शाळेचा चांगला लागला. मुल्लाच्या पोरीला ए मिळाली.

"आमचीला?" अण्णांनी विचारलं.

"सी."

अण्णांनी वहीत एका गाडीची वेळ लिहिली. मग विचारलं, ही तर वर्गात पुढं आहे म्हणत होता तुम्ही. सर म्हणाले, आहेच. माझं झाड काढलं असतं तर ए कुठं जात नव्हती. पण पोरीनं स्टँड काढलं, तेही आतून, आणि त्यात गाडीच नाही.

"स्टँडात गाडी नाही?"

"ब्रेकडाऊन असेल, साहेब," मगदूम ड्रायव्हर म्हणाले. "वर्कशॉपला गेली असेल."

अण्णा हसले नाहीत. सरही हसले नाहीत. ते गज धरून म्हणाले, "साहेब, चित्र परत मिळत नाही, नाहीतर तुम्हाला आणून दाखवलं असतं. बघण्यासारखं होतं."

"बघण्यासारखं होतं तर सी कशी?"

सरांच्या मागे माणसं खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, अहो मास्तर, विचारून झालं असेल तर सरका की, आमची गाडी जाईल. सर सरकले. गजांमधून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्यांच्या जागी एक फेटा वाकला.

अण्णा मागे न बघता म्हणाले, "ठरलं होतं ना, माला?"

"हो."

"मग सोमवारी शिवणक्लासात नाव घालून ये."

मी पुन्हा हो म्हटलं. ते पुढच्या चेहऱ्याला विजापूरच्या गाडीची वेळ सांगू लागले.

मुलांनो, तुम्हाला वाटत असेल की मी रडले. डोळे भरले होते, हे खरं. भरल्या डोळ्यांनी मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, कारण समोर दुसरं काही नव्हतंच. आणि बघता बघता माझ्या ध्यानात आलं की ही ती पाठ नाही.

मी परीक्षेत काढलेली पाठ ताठ होती, मान खांबासारखी सरळ. माणूस उभा काढा म्हणत सरांनी हाताला जी सवय लावली होती, ती गजांपलीकडच्या माणसांना वाकवताना मी मोडली होती, पण अलीकडच्या माणसाच्या बाबतीत मला आठवलंच नव्हतं. अण्णांची मान सरळ नव्हती. ती उजवीकडे कलली होती, माइककडे, आणि थोडी खालीही गेली होती, त्या बुटक्या भोकाच्या दिशेनं. बाहेरचा प्रत्येक माणूस एकदा वाकून निघून जात होता. अण्णा त्यांच्यासाठी दिवसभर वाकलेले होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता, आणि कॉलरच्या वर मानेची एक शीर ताणलेली होती. मी वर्षभर त्या पाठीमागे बसत होते आणि तिला नीट पाहिलं नव्हतं. तपासणाऱ्यानं मला सी का दिली ते मला माहीत नाही. गाडी नव्हती म्हणून दिली असेल. पण माझं चित्र चुकलं होतं, ते गाडीमुळे नव्हे. कुठे चुकलं होतं, ते मला आता दिसत होतं.

सांगली, शिवणक्लास, शमीमची ए, सगळं डोक्यातून निघून गेलं. एवढंच राहिलं, की आता अण्णा हलतील आणि ती मान जाईल.

खिळ्याला जुन्या वेळापत्रकांचे कागद लटकवलेले असायचे. त्यातला एक मी ओढून काढला आणि उलटा केला. मगदूम ड्रायव्हरांच्या कानामागची पेन्सिल मागितली. त्यांनी काही न विचारता दिली. कागदाच्या फाटण्याचा आवाज ऐकून अण्णा म्हणाले, "काय चाललंय मागे?" आणि वळायला लागले.

"अण्णा, हलू नका."

मी त्यांना असं काही करायला सांगायची ती पहिलीच वेळ होती. मगदूम ड्रायव्हर सही करायचे थांबले. अण्णांची मान वळता वळता अर्ध्यात थबकली. क्षणभर वाटलं, आता ओरडा बसणार. मग ती हळूहळू जिथे होती तिथे परत गेली, माइककडे कलून, थोडी खाली. खिडकीत कुणीतरी वाकून विजापूरची गाडी कधी म्हणून विचारलं, आणि अण्णांनी मान जराही न हलवता उत्तर दिलं.

मी डबा खाली ठेवला, कागद गुडघ्यावर घेतला, आणि मानेपासून सुरुवात केली.